सुरूला बेगड नको

शेजारच्या काकींची मनी वाचली असती, तर बहुधा ही पुस्तिका झालीच नसती.

पूर्णगडातला आमचा तो पहिला नाताळ. माझं माहेर वसईचं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही इकडे आलेलो, आणि वाडीत नाताळचं झाड लावणारं घर आमचं एकट्याचं. झाड कसलं, आवारातल्या सुरूची माणूसभर उंचीची फांदी, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात उभी केलेली. तिच्यावर रत्नागिरीच्या बाजारातून आणलेली सोनेरी झिरमिळ्यांची माळ सहा वेढे देऊन गुंडाळली होती. वाडीतली पोरं बघून गेली, बायका बघून गेल्या, आणि कधीतरी भर दुपारी मनीही बघून गेली. तिसऱ्या दिवशी काकी दारात उभ्या. "बाई, तुमची ती चकचकीत दोरी माझ्या मनीनं गिळलीन हो. पोटात पाणी ठरत नाही तिच्या."

मनीला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी समजावलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. अशी पट्टी मांजराच्या जिभेच्या मुळाशी अडकते, उरलेली पोटात उतरते. आतडी तिला पुढे ढकलू बघतात, पण टोक वर बांधल्यासारखं असतं. मग नाडीवर लेंग्याच्या चुण्या गोळा व्हाव्यात तशी आतडी त्या पट्टीवर गोळा होतात आणि कापली जातात. बाहेर दिसणारं टोक ओढायला जाऊ नये, ओढलं तर जास्त कापतं. मनीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती दोन दिवस होती. त्यावरून काकी मला आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या डिसेंबरात माळ माळ्यावरच राहिली. झाड उभं केलं आणि मुलगा म्हणाला, "आई, चमचम कुठाय?" त्या प्रश्नाला दरवर्षी थोडं थोडं उत्तर देत गेले. काय टिकलं, काय सडलं, कशाला मुंग्या लागल्या, याची टिपणं वहीत साठत गेली. ती वही म्हणजे ही पुस्तिका. कृती आत आहेत, मापांसकट. इथे थोडं आधीचं सांगते.

पहिली गोष्ट कबूल करते: बेगड सुंदर दिसतं. ज्यांना ते आवडतं त्यांची अभिरुची हलकी, असं मानणाऱ्यांतली मी नाही. मराठीनं मात्र त्या बिचाऱ्यावर मोठा अन्याय केला आहे. बेगड म्हणजे धातूचा ठोकून पातळ केलेला, रंगवलेला पत्रा. नवरदेवाच्या बाशिंगावर तो असे, मोहरमच्या ताबुतावर असे, गणपतीच्या मखरावर असे. एवढ्या मानाच्या जागी मिरवणाऱ्या वस्तूवरून आपण विशेषण बनवलं ते 'बेगडी', म्हणजे खोटं, दिखाऊ. कारागिरानं ठोकलेल्या त्या पत्र्यात खोटं काही नव्हतं. तो सोनं असल्याचा दावा करत नव्हता, समईचा उजेड घेऊन खोलीभर वाटत होता. बेगडाचं काम एवढंच, आणि ते काम काय हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही.

नाताळच्या झाडावरही बेगड पहिल्यापासून आहे. जर्मन मुलखातल्या स्ट्रासबुर्गमध्ये लोक दिवाणखान्यात फरचं झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगतात, अशी १६०५ सालची नोंद आहे. सजवलेल्या झाडाच्या जुन्यात जुन्या वर्णनांपैकी हे एक. यादी पुन्हा वाचून बघा. कागद, फळ, पापडी, साखर. पाचातल्या चार वस्तू खाण्याच्या किंवा कागदाच्या, वर्ख तेवढा चमकायला. पुढे तो वर्ख वाढत गेला. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या बाजूला धातूची तार ओढून चपटी करणारे कारागीर होते, त्यांनी लांब चंदेरी पट्ट्या काढल्या. चांदी काळी पडते, म्हणून मग कथील आणि शिसं आलं. शिशाची पट्टी जड असल्यामुळे फांदीवरून सरळ खाली लोंबते, गोठलेल्या थेंबांसारखी. लोक त्यावर खूश होते. शिसं लहान मुलांच्या पोटात जाणं किती वाईट हे कळल्यावर १९७२ साली अमेरिकेत ती विकणं थांबलं, आणि तिची जागा प्लॅस्टिकनं घेतली. आज बाजारात मीटरवर मिळते ती माळ बहुतेक पीव्हीसीची असते, वर धातूचा नावाला मुलामा. ती गंजत नाही, कुजत नाही आणि तिचं दुसरं काही बनवताही येत नाही. दोन वर्षांत मुलामा उडतो आणि खाली राखाडी झिरमिळ्या उरतात. माझ्या माळ्यावरच्या माळेचं हेच झालं.

या सगळ्या इतिहासाशी आपला संबंध किती? कमीच. स्ट्रासबुर्गच्या त्या नोंदीनंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. येशूचा जन्म मराठी ओवीत आला तो तेव्हा. त्यात गोठा आहे, धनगर आहेत. फरचं झाड नाही, कारण ते तेव्हा जर्मन मुलखाबाहेर फारसं गेलेलंच नव्हतं. इंग्लंडातसुद्धा झाडाची टूम घरोघर पसरली ती १८४८ साली, राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या झाडाभोवतीच्या कुटुंबाचं चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यावर. म्हणजे मराठीतला नाताळ झाडाशिवाय दोनशे-सव्वादोनशे वर्षं नीट नांदला होता.

आमच्या वसईतही मान गोठ्याचा. माझ्या लहानपणी डिसेंबर उजाडला की आई करवंट्यांत आणि डब्यांच्या झाकणांत माती घालून नाचणी, गहू पेरायला लावायची. नाताळापर्यंत वीतभर कोंब येत, आणि ती गोठ्याभोवतीची शेतं. पुढे पूर्णगडला काकींच्या घरी घटस्थापनेचं रुजवण पाहिलं तेव्हा मी हसलेच. तीच माती, तोच काळजीनं शिंपडलेला पाण्याचा हबका, तीच सकाळी उठून कोंब किती आले हे बघण्याची घाई. झाड आमच्याकडे मागाहून आलं, आणि आलं तेव्हा फरचं येणं शक्यच नव्हतं. वसईच्या किनाऱ्यावर जे होतं ते उचललं, सुरू.

सुरूबद्दल जरा थांबून सांगायला हवं. कारण सजावट करणारे नव्वद टक्के लोक सुरूला फरची गरीब बहीण समजतात. ती फरच्या कुळातली मुळीच नाही. मराठीत तिचं जुनं नाव खडशेरणी. विश्वकोशातही याच नावाखाली सापडेल. मूळची ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरची. भारतात १८६८च्या सुमारास कारवारला प्रथम लावली गेली. खाऱ्या वाऱ्याला, कोरड्या वाळूला दाद देत नाही, मुळांवरच्या गाठींतल्या सूक्ष्म जिवांच्या मदतीनं हवेतला नत्र घेते. म्हणून कोकणकिनाऱ्यावर वारा अडवायला सुरूची बनं लावली गेली. पूर्णगडचा पूल ओलांडून मुचकुंदीच्या पलीकडे गेलं की गावखडीच्या किनाऱ्यावर असंच एक बन आहे. वारा सुटला की त्या बनातून आवाज निघतो तो समुद्राचा की झाडांचा हे ओळखता येत नाही.

तिची 'सुई' हातात घेऊन बघा. ती पान नाहीच, बारीक हिरवी डहाळी आहे, सांध्या-सांध्यांची. प्रत्येक सांध्याशी सहा ते आठ इवलेसे दात असतात, तीच खरी पानं. डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाहीत. इथली मुलं एक खेळ खेळतात. एका सांध्याशी डहाळी हलकेच उपटायची, पुन्हा तिथंच बसवायची आणि समोरच्याला विचारायचं, कुठे तुटलीय सांग. मी अजून एकदाही जिंकलेले नाही. आणि ती गोल, काटेरी, शेंगदाण्याएवढी बोंडं! वाळली की त्यांच्या चोची उघडतात आणि आतून पंखवालं बी भुरभुरतं. झाड स्वतःची सजावट स्वतः घेऊन आलेलं असतं, आणि आपण त्यावर प्लॅस्टिकची बोरं टांगतो.

टांगली तरी शोभत नाहीत, याचं साधं कारण आहे. फरच्या फांद्या आडव्या, ताठ, थराथरानं. त्यांच्यावर माळ झुल्यासारखी बसते. सुरूची डहाळी लोंबती, केसांसारखी मऊ. जड गोळा लावला की फांदी मान टाकते. झिरमिळ्यांची माळ गुंडाळली की डहाळ्या तिच्यात दबतात, आणि झाडाऐवजी सोनेरी केरसुणी उभी आहेसं वाटतं. सुरूला हलकं हवं, लोंबतं हवं आणि वाऱ्यानं हलणारं हवं. हे मला दोन नाताळ वाया घालवल्यावर कळलं.

आणि मग लक्षात आलं की हलकं, लोंबतं बांधण्याची विद्या या मातीत कधीचीच आहे. काकींचं माहेर मालवणाकडचं. गणपतीत त्यांच्याकडे मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. गोव्यात तीच माटोळी. तिच्यावर कवंडळ, कांगणी, शेरवडं, आयनाची बोंडं, तेरडा, तवसं, सुपारीचं शिपटं, नारळ, जे रानात आणि परसात त्या दिवसांत पिकलेलं असतं ते सगळं बांधतात. चमकणारं त्यात काही नाही. तरी एकदा बघितलं की डोळा हलत नाही, कारण लाल कवंडळाशेजारी पिवळी कांगणी आणि तिच्यामागे हिरवं शिपटं, हे कुणाच्या तरी आजीनं ठरवलेलं असतं. बांधायला केळीचं सोपट. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा शहरातली मंडळी मखर कशाचं करायचं म्हणून हवालदिल झाली होती. माटवीवाल्यांना तो प्रश्नच कळला नसेल.

दुसरी वस्तू नवं. भात कापणीला आलं की भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, आंब्याचं पान यांची जुडी बांधून दाराला, अवजारांना लावतात. आमच्या स्कूटरलाही काकींनी लावली होती. ती डिसेंबरपर्यंत वाळून सोन्यासारखी होते. युरोपात उत्तरेकडे पेंढ्याच्या काड्यांचे तारे करून झाडाला लावतात. ते दिसायला या नव्याचेच भाऊबंद. आता मी दसऱ्याला काकींकडून चार जुड्या जास्त मागून घेते आणि नाताळात सुरूवर बांधते. लोंबीतला दाणा वरून लोंबतो, डहाळीही लोंबते, दोघींचं जमतं.

आता शिंपल्या. या पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण त्यांचं आहे, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. बेगडाचं काम उजेड वाटणं, असं वर म्हटलं. ते काम इथे शिंपलीचा आतला भाग करतो. किनाऱ्यावरून वेचून आणायची गरज नाही. जिवंत प्राणी असलेली शिंपली तर उचलूच नये, आणि काही शंख-शिंपल्यांना कायद्याचं संरक्षण आहे. तिसऱ्यांचं कालवण घरात होतंच की. जेवणं झाली की शिंपल्या फेकायच्या नाहीत. सोडा घातलेल्या पाण्यात उकळायच्या, सांध्याशी चिकटलेला मांसाचा कण न् कण दाभणानं काढायचा (हा कण राहिला तर नाताळाच्या रात्री पाहुणे नाक मुरडतात, अनुभवाचे बोल), आणि तीन-चार दिवस कडक उन्हात टाकायच्या.

भोक कसं पाडायचं, यावर मी वर्ष घालवलं. खिळा ठोकला तर दहातल्या सहा फुटतात. ड्रिल होतं, पण मशीन घेऊन बसणं कुणाला आवडतं? युक्ती शेवटी शेजारच्या एका शाळकरी पोरीनं दाखवली. शिंपलीला सांध्याजवळ कुबड असतं, तिथे ती सगळ्यात फुगीर असते. पायरीच्या जांभ्या चिऱ्यावर थोडं पाणी टाकायचं, ते कुबड चिऱ्याला लावायचं आणि गोल गोल घासायचं. पांढरी पेस्ट सुटते, मधे मधे पाण्यानं पुसून बघायचं. आधी एक फिकट ठिपका दिसतो, मग त्या ठिपक्यातून पलीकडचा उजेड, आणि पुढच्या चार-सहा घासण्यांत तीळभर भोक. न फुटता, कडा गुळगुळीत. आमच्या पायरीच्या कोपऱ्यावर आता वाटीएवढा खळगा पडला आहे. हजारो वर्षांपूर्वी मणी करणारी माणसंही शिंपल्यांना असंच घासून भोक पाडत.

शिंपल्या जोडीनं बांधायच्या, आतली बाजू दिव्याकडे. तिसऱ्यांचा उजेड दुधासारखा, पांढरा. निळसर, मोतिया झाक हवी तर शिनाण्यांच्या शिंपल्या घ्याव्यात; त्या बाहेरून हिरव्या-काळ्या आणि आतून आभाळासारख्या. पणती झाडाखाली नको, वाळलेली सुरू भडकन पेटते. दिवा समोर चार हातांवर ठेवावा. मग खाडीवरून वारा आला की शिंपल्या एकमेकींवर आपटून बारीक टकटक करतात. हे प्लॅस्टिकच्या माळेला कधी जमलं नव्हतं.

फसलेलं काय काय, तेही सांगितलं पाहिजे. आमसुलं. लाल-काळी, नक्षीदार, मला वाटलं याहून सुंदर काय असणार? पण आमसुलात मीठ असतं, आणि पूर्णगडच्या दमट हवेत ती रात्रीत पाझरायला लागली. पांढऱ्या चादरीवर खून झाल्यासारखे डाग. गाठी आणि बत्तासे टांगले, स्ट्रासबुर्गच्या साखरेची आठवण म्हणून. मुंग्यांनी डब्याच्या वाळूतून रस्ता काढला. हलव्याचे दागिने मात्र जमले, एका अटीवर: आदल्या संध्याकाळी टांगायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरांत वाटून टाकायचे. तसंही संक्रांत तीन आठवड्यांवर असते. गुंजा दिसायला अप्रतिम, पण त्यांचं बी विषारी, आणि या झाडाभोवती लहान मुलं रांगतात, तेव्हा त्या वहीतून मी खोडून टाकल्या. बकुळीची सुकी वळेसरं वास धरून राहतात, पण दिसत नाहीत. ती लावायची तर अंधारात नाकानं शोधण्यासाठी.

झाड कुठून आणायचं, हेही स्पष्ट लिहिते, कारण या पुस्तिकेमुळे कुणी किनाऱ्यावरच्या बनाला कोयता लावला तर मला तोंड दाखवायला जागा नाही. ते बन सरकारी आहे. आपल्या आवारातली सुरू असेल तर छाटणीची फांदी घ्यावी, नाहीतर वाऱ्यानं पडलेली. तीही नसेल तर कुंडीतलं कुठलंही झाड चालतं. मी एकदा सुपारीच्या झावळीवर नाताळ केला आहे.

आणि सुरू सगळ्यांनाच भली असंही नाही. गावखडीच्या वाळूवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि वन खातं व गावकरी मिळून ती जपतात. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करते, अंडी पुरते आणि पाण्यात परतते. सुरू भरतीच्या रेषेला फार जवळ लावली, तर तिची मुळं आणि गळलेल्या काड्यांचा थर त्या खड्ड्याच्या आड येतो. म्हणजे वाऱ्यापासून गावाला वाचवणारं झाड कासवाला अडचणीचं. कासवांचं दुसरं संकट समुद्रात तरंगणारं प्लॅस्टिक. पाण्यात झुलणारी पातळ पट्टी जेलीफिशसारखी दिसते आणि कासवं ती गिळतात. त्यांच्या पोटात काय होत असेल हे मला मनीमुळे माहीत आहे. नाताळानंतर आमची पहिली माळ मी फेकली नाही, माळ्यावरच ठेवली, त्याचं कारण हेच. कचऱ्याची गाडी ती कुठे नेईल आणि पावसाळ्यात मुचकुंदी ती कुठे सोडेल, सांगता येत नव्हतं.

पुस्तिकेतल्या कृती कोकणातल्या घरात काय सापडतं त्यावर बेतल्या आहेत. घाटावरच्या वाचकांनी शिंपल्यांच्या जागी काय घ्यावं ते मला सुचलेलं नाही. ज्वारीचं कणीस नव्यासारखं वागेल, पण उजेडाचं काम कोण करेल? तुम्हाला सापडलं तर कळवा. मुंग्यांचा प्रश्नही अजून सुटलेला नाही.

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आमचं झाड उतरतं. शिंपल्या बिस्किटांच्या डब्यात परत जातात, आता दोनशेच्या वर झाल्या आहेत. लोंब्या अंगणात पसरतो, चिमण्या दोन दिवसांत साफ करतात. सुरूच्या काटक्या पाणचुलीत जातात. ओली असली तरी पेटते ती, आणि जाळही चांगला. राख काकी घेऊन जातात, त्यांच्या पितळी भांड्यांना.

पूर्णगड